तेलाआधी ठरलेली टक्केवारी

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो आणि त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. यातली तारीख खरी आहे. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्या दिवशी डिझेल यांच्या पहिल्या नमुन्यात प्रथमच इंधन पेटले, पण ते खनिज इंधन होते. शेंगदाण्याचे तेल आले सात वर्षांनी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, आणि तेही डिझेल यांच्या हातून नव्हे. ऑटो कंपनीने तिथे एक लहान डिझेल इंजिन या तेलावर चालवले आणि ते इतके सुरळीत चालले की वेगळे इंधन वापरले आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले. डिझेल यांनी स्वतः तसे प्रयोग नंतर केले आणि १९१२ च्या सुमारास त्याबद्दल लिहिले. या दुरुस्तीचे महत्त्व तारखेपुरते नाही. दंतकथेत जे कारण गळून पडते ते या इंधनाचा पुढचा सगळा इतिहास समजावून सांगते. पॅरिसच्या प्रयोगामागे फ्रेंच सरकारला रस होता, कारण फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग अमाप पिकत होता. तिथे कोळसा आणि खनिज तेल बाहेरून न्यावे लागे, शेंगा मात्र जागेवरच होत्या. म्हणजे आधी तेल होते, आणि त्या तेलासाठी इंजिन शोधले जात होते.

हा क्रम लक्षात ठेवला तर पुढच्या सव्वाशे वर्षांतले यश आणि अपयश बरेचसे उलगडते. जिथे एखादे तेल आधीच पिकत होते, गोळा होत होते, गाळले जात होते आणि त्याला गिऱ्हाईक कमी पडत होते, तिथे ते डिझेल इंजिनात गेले आणि टिकले. जिथे आधी मिश्रणाची टक्केवारी ठरली आणि मग तेलाचा शोध सुरू झाला, तिथे ते टिकले नाही. भारत दुसऱ्या प्रकारात मोडतो. आपल्याकडे मात्र या अपयशाचा दोष बहुधा इंजिनावर जातो. नव्या डिझेल मोटारींना बायोडिझेल सोसत नाही, इंजेक्टर चोंदतात, कंपन्या वॉरंटी नाकारतात, म्हणून हा विषय मागे पडला असे सांगितले जाते. त्या तक्रारींत तथ्य आहे आणि ते पुढे पाहूच. पण भारतातले बायोडिझेल इंजिनापर्यंत पोहोचून हरले नाही. ते शेतातच हरले.

आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते घाण्यातून निघालेले तेल नसते. वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहा-पंधरा पट दाट असते. ते थेट वापरले तर फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात, ते अर्धवट जळतात आणि नोझलवर व पिस्टनच्या कड्यांवर थर धरतात. तेलाची मिथेनॉल किंवा इथेनॉलशी प्रक्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढले की उरलेला द्रव दाटपणात डिझेलच्या जवळ येतो. ही वाट पहिल्यांदा नीट नोंदवली ती १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातल्या चावान यांच्या पेटंटने. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स आणि लूव्हाँ या शहरांमध्ये पाम तेलापासून केलेल्या अशा इंधनावर बस धावली. बेल्जियममध्ये पाम पिकत नाही, पण बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत ते भरपूर होते. पुन्हा तेल आधी. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची वाट अडली तेव्हा भारतातही १९४२ मध्ये देशी वनस्पती तेलांच्या डिझेल इंजिनांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांत लालचंद वर्मन होते, जे पुढे भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक झाले. युद्ध संपले, खनिज डिझेल पुन्हा स्वस्तात मिळू लागले आणि ते सगळे काम कपाटात गेले. इंजिन चालले नाही म्हणून नव्हे, तर तेलाला इंजिनापेक्षा चांगले गिऱ्हाईक, म्हणजे माणसाचे पोट, उपलब्ध होते म्हणून.

युरोपातल्या आधुनिक बायोडिझेलची सुरुवातही गरजेपेक्षा मुबलकतेतून झाली. मोहरीच्या कुळातले रेपसीड हे पीक तिथे आधीपासून होते. ऑस्ट्रियात शेतकरी सहकारी संस्थांनी छोटे प्रकल्प उभारले आणि १९९१ मध्ये तिथे या इंधनासाठी राष्ट्रीय मानकही आले. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने धान्याचे डोंगर कमी करण्यासाठी शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पडीक ठेवायला लावला, मात्र त्या जमिनीवर खाण्याव्यतिरिक्त उपयोगाचे पीक घेण्याची मुभा दिली. शेतकऱ्याजवळ जमीन, बियाणे, यंत्रे, गाळप कारखाने, सगळे होते. फक्त पीक कुणाला विकायचे हा प्रश्न होता. तेल काढल्यावर उरणारी पेंड जनावरांच्या खाद्याला जात असल्याने तेलाचा सगळा खर्च एकट्या तेलावर पडत नव्हता. नव्वदच्या दशकात फोक्सवॅगनने आपल्या अनेक डिझेल मोटारींना शुद्ध रेपसीड बायोडिझेलची परवानगी दिली आणि पुढच्या दहा वर्षांत जर्मनीत ते विकणारे दीड हजारांहून अधिक पंप उभे राहिले. टक्केवारीचे लक्ष्य त्यानंतर आले. २००३ च्या युरोपीय निर्देशाने २००५ पर्यंत २ टक्के आणि २०१० पर्यंत ५.७५ टक्के जैवइंधनाचा आकडा ठेवला, तेव्हा त्याच्यामागे पंधरा वर्षांची चालती व्यवस्था उभी होती.

आता इंजिनाची बाजू. ज्या काळात जर्मनीत शुद्ध बायोडिझेल जोमात होते त्याच काळात मोटारीतले डिझेल इंजिन आतून बदलत होते. कॉमन रेल पद्धतीत इंधन हजार बारच्या वर, पुढे दोन हजार बारच्या घरात दाबाखाली जाते आणि केसासारख्या बारीक छिद्रांतून एका फेऱ्यात अनेकदा फवारले जाते. जुन्या पंपाला जो कचरा चालून जाई तो इथे चालत नाही. त्यात बायोडिझेल हवेतला ओलावा ओढते, साठवणीत ऑक्सिडाइझ होऊन चिकटा धरते, टाकीच्या तळाशी पाणी साचले तर त्यात जिवाणू वाढतात, आणि जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरपर्यंत आणते. पण खरी अडचण आली ती काजळीच्या फिल्टरमुळे, ज्याला आता सगळे डीपीएफ म्हणून ओळखतात. हा फिल्टर भरला की तो जाळून मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी पुष्कळ मोटारींत जळण्याचा टप्पा संपल्यावर सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे इंधन सोडून धुराचे तापमान वाढवतात. खनिज डिझेलचा बराचसा भाग कमी तापमानाला वाफ होतो, बायोडिझेल मात्र जवळजवळ सगळेच्या सगळे ३३० अंश सेल्सिअसच्या वर उकळते. त्यामुळे त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. डिझेलचा अंश पुढे तापून उडून जातो, बायोडिझेलचा साचत राहतो. ऑइल पातळ होते, त्याचा वंगणपणा घटतो. म्हणून डीपीएफ बसवलेल्या मोटारींना शुद्ध बायोडिझेलची परवानगी कंपन्यांनी काढून घेतली आणि युरोपीय डिझेलच्या मानकात मर्यादा आधी ५ आणि २००९ पासून ७ टक्के अशी ठरली. जर्मनीने ऑगस्ट २००६ पासून शुद्ध बायोडिझेलवर कर बसवला आणि पंपांवरची विक्री ओसरली. कर आणि फिल्टर दोन्ही एकाच सुमारास आले, पण ट्रकवाल्यांनी पाठ फिरवली ती प्रामुख्याने करामुळे, हे विसरू नये.

म्हणजे ७ टक्क्यांची मर्यादा हा कुणा कंपनीचा हेका नाही. ती मोटारीतल्या डिझेल इंजिनाच्या एका ठराविक रचनेतून आली आहे आणि मोटारमालकाने ती पाळायलाच हवी. हिवाळ्यात किंवा महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तर त्याहून कमी मिश्रणही जपून वापरावे. पण हीच मर्यादा दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. ७ टक्क्यांपर्यंत अद्ययावत मोटारीला काहीही बदल लागत नाही. उलट थोडा फायदाच होतो. प्रदूषण कमी करण्यासाठी डिझेलमधले गंधक काढून टाकले, भारतात एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत फक्त दहा भाग उरले, आणि गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही जातो. एक-दोन टक्के बायोडिझेल तो परत आणते. बायोडिझेलमध्ये ऑक्सिजन असल्याने काजळीही कमी होते. यावर कुणी म्हणेल की अशा जेमतेम मिश्रणाने देशाच्या तेल आयातीत काय फरक पडणार. भारत वर्षाला नऊ कोटी टनांच्या आसपास डिझेल जाळतो. त्याचे ५ टक्के म्हणजे पंचेचाळीस लाख टन. हा आकडा किरकोळ नाही, आणि इतके बायोडिझेल आपण कधी बनवूच शकलो नाही. इंजिनाने दिलेली ७ टक्क्यांची जागा भरण्याची वेळच आली नाही, तर इंजिनाला दोष कसा द्यायचा? प्रत्यक्षात आपले मिश्रण आजवर एक टक्क्याच्याही खाली राहिले आहे.

भारतात इंजिनाची परीक्षा व्हायची राहिली होती असेही नाही. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मोगली एरंड या झुडपाच्या तेलापासून इतके स्वच्छ इंधन तयार केले की २००४ मध्ये मर्सिडीजच्या कॉमन रेल इंजिनांच्या दोन मोटारी त्यावर देशभर सुमारे सहा हजार किलोमीटर फिरल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर गावातले जनरेटर चालवून दाखवले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये तर डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून केलेले इंधन घालून स्पाइसजेटचे विमान दिल्लीला उतरले. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. मग अडले कुठे, हे शोधायला शेताकडे जावे लागते.

एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या जैवइंधन समितीचा अहवाल आला. त्यातले गणित कागदावर नेटके होते. २०११-१२ मध्ये देशाला सुमारे ६ कोटी ६९ लाख टन डिझेल लागेल. त्यात २० टक्के मिश्रण करायचे म्हणजे सुमारे १ कोटी ३४ लाख टन बायोडिझेल हवे. मोगली एरंडाची हेक्टरी अडीच हजार झाडे लावली, प्रत्येक झाडाने दीड किलो बी दिले, तर हेक्टरी पावणेचार टन बी आणि सुमारे १.२ टन तेल मिळेल. म्हणून १ कोटी १२ लाख हेक्टर लागवड. गणिताची दिशा पाहावी: टक्केवारीवरून तेल, तेलावरून बी, बियांवरून जमीन. यातले एकही झाड अजून लावलेले नव्हते. महाराष्ट्राच्या लागवडीखालच्या एकूण जमिनीच्या निम्म्याहून मोठे क्षेत्र अशा पिकाखाली जायचे होते ज्याची शेती देशात फारशी कुणी केली नव्हती.

मोगली एरंड आपल्याला अनोळखी मुळीच नाही. मध्य अमेरिकेतले हे झुडूप पोर्तुगीज खलाशांबरोबर आफ्रिका आणि आशियात पसरले असे मानतात. केप व्हर्दे बेटांवरून त्याचे बी दिव्याच्या तेलासाठी आणि साबणासाठी लिस्बनला जात असे. कोकणापासून विदर्भापर्यंत शेताच्या बांधावर ते कुंपण म्हणून लावतात, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी ती जगते, आणि दुष्काळातही झाड मरत नाही. या शेवटच्या गुणावरच सगळा डोलारा उभा राहिला, आणि इथेच चूक झाली. दुष्काळात जगणे वेगळे आणि दुष्काळात बी देणे वेगळे. पाणी आणि खत न मिळालेल्या मोगली एरंडाने जीव तगवला, पण बी जेमतेम दिले. बहुतेक ठिकाणचे उत्पादन अहवालातल्या पावणेचार टनांच्या आसपासही गेले नाही. निवडक, सुधारित वाण नव्हते. जंगली झाडाचे जसे मिळेल तसे बी पेरले गेले. फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे तोडणीला पुन्हा पुन्हा माणसे लागतात. पेंड विषारी असल्याने गुरांना चालत नाही, रेपसीडवाल्यांना मिळणारा दुसरा पैसा इथे नाही. पहिले बरे पीक हाती यायला तीन-चार वर्षे जातात. एवढे सोसून शेतकऱ्याने बी विकायचे कुणाला, तर २००५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या खरेदी धोरणानुसार तेल कंपन्या बायोडिझेल लिटरला २५ रुपयांनी घेणार होत्या. तेवढ्यात बी, गाळप, मिथेनॉल आणि वाहतूक यांचा खर्च भागत नव्हता. या धोरणाखालच्या खरेदी केंद्रांवर फारसे काही आलेच नाही.

ही लागवड मुख्यतः पडीक जमिनीवर व्हायची होती, तेव्हा 'पडीक' हा शब्दही तपासायला हवा. महसूल खात्याच्या दप्तरात जे पडीक, ते गावाच्या हिशेबात गायरान असते. तिथे शेळ्या चरतात, बायका जळण वेचतात, भूमिहीनांचा थोडाफार आधार तिथेच असतो. गुरे खात नाहीत असे झुडूप गायरानावर लावणे म्हणजे चाऱ्याची जमीन काढून घेणे, आणि गावांनी त्याला विरोध केला तर तो अडाणीपणा नव्हता. छत्तीसगड सरकारने २००५ नंतर मोठ्या उत्साहाने ही मोहीम चालवली. डिझेल आखातातून नव्हे तर बाडीतून, म्हणजे परसातून येईल अशी घोषणाही तिथे दुमदुमली. बाहेरूनही भांडवल आले. ब्रिटनच्या डी-वन ऑइल्सने २००७ मध्ये बीपीशी भागीदारी करून भारतासह अनेक देशांत लागवडीचा कार्यक्रम आखला. पण २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढलेले खनिज तेल वर्षअखेरीस चाळिसाच्या खाली आले आणि २००९ मध्ये बीपी त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य मात्र पुन्हा लिहिले.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. भारताकडे रेपसीडसारखे जादा तेल नव्हतेच, खाद्यतेलाच्या गरजेतला निम्म्याहून मोठा वाटा आपण आयात करतो, मग अखाद्य झाडाकडे वळण्याखेरीज दुसरा मार्ग कोणता होता? उद्देशाबद्दल हा आक्षेप मान्य आहे. शेंगदाणा, सोयाबीन किंवा सरकीचे तेल इंजिनात घालणे आपल्यासारख्या देशात अनैतिक ठरले असते आणि नियोजन आयोगाने ती वाट सोडली हे योग्यच झाले. पण जादा तेल नाही ही वस्तुस्थिती असेल तर तिचा निष्कर्ष लहान लक्ष्य हा होतो, १ कोटी १२ लाख हेक्टर हा नव्हे. करंजाची झाडे रस्त्याकडेला आणि ओढ्याकाठी होतीच, त्यांचे बी गोळा करणारे आदिवासी आणि तेल काढणारे घाणे होतेच. तिथून एक-दोन टक्क्यांची सुरुवात झाली असती तर वाणांचा, गोळा करण्याचा आणि साठवणीचा अनुभव हळूहळू जमला असता. इंडोनेशियाने नेमके हेच केले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. तिथे पाम तेल आधीपासून अमाप होते. भाव पडले की बायोडिझेलची टक्केवारी वाढवायची, आणि २०१५ पासून पाम निर्यातीवर बसवलेल्या पट्टीतून त्यातला तोटा भरायचा, असा त्यांचा क्रम आहे. २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५, २०२५ मध्ये ४०. जंगलतोडीचा त्याचा हिशेब भयंकर आहे आणि तो आदर्श म्हणून कुणी घेऊ नये. पण इंजिन हा बायोडिझेलचा मुख्य अडसर आहे हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

आपल्याच देशातला, खरे तर आपल्याच राज्यातला दाखला इथेनॉलचा आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात बायोडिझेलच्या मोहिमेबरोबरच, २००३ मध्ये, महाराष्ट्रासह नऊ राज्यांत झाली. २०१४ पर्यंत तेही दीड टक्क्याच्या आसपासच अडकले होते. नंतर दर ठरवून दिला, उसाचा रस आणि पाक थेट वापरायला परवानगी मिळाली, २०२२ मध्ये १० टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये २०. यामागे इच्छाशक्ती होती असे म्हणतात, आणि होतीच. पण कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरमध्ये ऊस होता, कारखाना होता, मळी होती, आसवनी होती, सभासद शेतकरी होता आणि गोदामांत न खपलेली साखर होती. इथेनॉल ही त्या साखरेची वाट होती. बायोडिझेलसाठी असा एकही तालुका नव्हता. या उसाच्या पाण्याबद्दलचे प्रश्न खरे आहेत आणि ते स्वतंत्रपणे विचारलेच पाहिजेत, पण मालाची साखळी आधी असल्याने काय घडते ते इथे स्पष्ट दिसते.

साखळी नसताना मागणी निर्माण केली की तिची जागा कोण भरते, हेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये केंद्राने शुद्ध बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीसाठी नियम केले. त्यानंतरच्या दोन वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रातल्या महामार्गांवर बायोडिझेलच्या पाट्या लावून औद्योगिक तेले व सॉल्व्हंट ट्रकवाल्यांना स्वस्तात विकली गेली आणि पोलीस व पुरवठा खात्याला धाडी घालाव्या लागल्या. अनेक ट्रकमालकांच्या मनात बायोडिझेल म्हणजे इंजिन खराब करणारा माल, ही समजूत पक्की झाली. ज्याने इंजिन बिघडवले ते बहुधा बायोडिझेल नव्हतेच.

२०१८ च्या धोरणाने लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले आणि मोगली एरंडापेक्षा वापरलेल्या खाद्यतेलावर भर दिला. हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण हे तेल आधीच अस्तित्वात आहे. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातल्या घातक घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी अशा तेलापासूनच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये असा दर जाहीर करून शंभर शहरांतून पुरवठादार बोलावले. पण इथेही तेलाला दुसरे गिऱ्हाईक आहे. मोठ्या उपाहारगृहातले काळपट झालेले तेल आज रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडे जाते, आणि तो ते पुन्हा तळणीत घालतो. ते तिथे न जाता गोळा व्हायचे असेल तर नगरपालिकेच्या पातळीवर रोजची फेरी लागेल, प्रत्येक डब्याची नोंद लागेल, आणि गाडीवाल्यापेक्षा जास्त भाव द्यावा लागेल. हे जमेल त्या शहरात जितके तेल निघेल तितकेच मिश्रण तिथल्या डेपोत करावे, ताजे असताना वापरावे, आणि किती टक्के मिसळले ते पंपावर ठळक लिहावे. युरोपात २०१८ पासून नव्या मोटारीच्या इंधनझाकणावर आणि पंपाच्या नळीवर 'बी-७' अशी एकच खूण असते. आपल्याकडे डिझेल मोटारीच्या मालकाला टाकीत काय पडते आहे ते ओळखण्यासाठी एवढी सोय तरी ५ टक्क्यांच्या आधी व्हायला हवी.